उताराची माती

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले सात-बारा चाळले, तर अनेकदा एकाच खातेदाराच्या नावापुढे तीन तऱ्हेची जमीन दिसते: भात, वरकस (डोंगरउतारावरची) आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी). किनाऱ्याकडे सरकले की त्यांत बागायत येते आणि खाडीच्या कडेला खार. ही वर्गवारी महसूल गोळा करण्यासाठी झाली, तरी ती करणाऱ्यांनी मातीकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात भातजमिनीचे गोडी आणि खारी असे दोन भाग केलेले आहेत. गावातला म्हातारा शेतकरी आजही जमिनीची ओळख याच शब्दांत सांगतो. सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब हे शब्द नंतर आले. त्यांनी जुन्या शब्दांमागचे कारण सांगितले.

पूर्वेला सायवन-उधव्याकडच्या टेकड्या आणि पश्चिमेला बोर्डी-झाईचा समुद्र, यांच्यामध्ये जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर अंतर आहे. खालचा खडक बहुतेक सगळीकडे एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा सुळकाही त्याच कुळातला. पाऊसही साधारण सारखाच, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खडक एक, पाऊस एक, ऊन एक, तरी दर अर्ध्या किलोमीटरवर माती बदलते. रंग बदलतो, खोली बदलते, पीक बदलते. पूर्वी तर त्या जमिनीवर राबणाऱ्याचे नशीबही बदलत असे.

हा बदल उतार घडवतो. जेफ्री मिल्न हा मृदाशास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, मातीचे नकाशे करत होता. टेकडीच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंत माती ठरावीक क्रमाने बदलते आणि तोच क्रम पुढच्या टेकडीवर पुन्हा दिसतो, हे त्याच्या लक्षात आले. १९३५ मध्ये त्याने या क्रमाला कॅटेना हे नाव दिले. माथ्यावरचे पाणी वाहते, जाताना बारीक कण आणि विरघळलेले क्षार नेते, आणि खाली जाऊन ते साठवते. वरची माती उथळ, भरड आणि तांबूस राहते. खालची खोल, चिकण आणि काळी होते. मिल्नने हे आफ्रिकेत लिहिले, पण त्याचे वर्णन घेऊन कोसबाडच्या टेकडीवरून खाली उतरले तर पायाखाली तेच सापडते. माझ्या मते या दोन तालुक्यांतल्या शेतीचा पहिला प्रश्न ‘खत कोणते घालू’ हा नसतो. ‘माझी जमीन उतारावर नेमकी कुठे आहे’ हा असतो. बाकीची बहुतेक उत्तरे या एका उत्तरातून निघतात.

माळापासून सुरुवात करू. टेकडीच्या अंगावर वीस-पंचवीस सेंटिमीटर मातीचा थर, त्यात निम्मे दगडगोटे, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. अशा मातीत पिकाच्या मुळांना घेता येईल असे पाणी जेमतेम पंचवीस-तीस मिलिमीटर मावते. ऑक्टोबरच्या उन्हात पीक रोज चार-पाच मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे पाऊस थांबल्यावर माळावरचे पीक फार तर आठवडाभर तग धरते. खालच्या मीटरभर खोल काळ्या मातीत दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी राहते आणि ते महिनाभराहून अधिक पुरते. वर्षभरात एका हेक्टरवर दोन कोटी लिटर पाणी पडते, तरी नोव्हेंबरमध्ये माळ करपतो आणि खालच्या खाचरात वाल हिरवागार उभा असतो, यामागचे गणित एवढेच आहे.

म्हणूनच माळावर हळवी, कमी दिवसांची आणि कमी मागणारी पिके आली. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक. वरकसीचा हा फेरा मातीच्या दुबळेपणाचा हिशेब ठेवून बेतलेला होता. पडीक वर्षांत गवत-झुडपे वाढत, पाला कुजे, मुळे मुरमात शिरत आणि गेलेला कस थोडाफार भरून येई. फेरा चालायला मात्र जमीन भरपूर हवी. कुटुंबे वाढली, राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, पडीक ठेवायची वर्षे घटत गेली आणि माती थकत गेली. आज जिथे त्याच उतारावर दरवर्षी नागली घेतली जाते, तिथे उत्पन्न का घसरते हे विचारायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही.

माळाच्या मातीत सगळ्यांत हमखास उगवणारे पीक म्हणजे गवत. मुंबईची वाहतूक घोड्यांवर आणि दूध तबेल्यांवर चालत होते, तेव्हा या भागातले गवत कापून, दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईला जात असे. डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातले जमीनदार आणि सावकार या व्यापारावर गब्बर झाले. गवत कापणारा वारली मात्र वेठीत आणि कर्जात अडकला. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार देण्याचे ठरले. पुढच्या गवत-हंगामात मागणी आली पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरीची. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा लढा आहे. तो मृदाशास्त्राच्या बाजूने वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. खालची खोल, काळी भातजमीन सावकारांनी गिळली होती आणि मूळ कसणाऱ्यांना वर मुरमाड माळाकडे लोटले होते. ज्या मातीत धान्य नीट पिकत नव्हते तिच्यावरचे गवतही त्यांचे नव्हते. या भागात जमिनीच्या प्रतीची चर्चा करताना ही गोष्ट वगळणे मला अप्रामाणिक वाटते.

माळ आणि खाचर यांना जोडणारा दुवा म्हणजे राब. भाताचे आवण, म्हणजे रोप तयार करण्याच्या वाफ्यावर शेण, त्यावर ऐन-पळसाच्या फांद्यांचा पाला, त्यावर गवत आणि वरून मातीचा पातळ थर रचायचा आणि उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना, सावकाश जाळायचे. पहिला पाऊस झाला की त्यात बी टाकायचे. इंग्रज अधिकाऱ्यांना हा जंगलाचा निव्वळ नाश वाटला. १८८० च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली तेव्हा एवढा असंतोष माजला, की मुंबई सरकारला वनविषयक आयोग नेमावा लागला. १८९३ मध्ये भारतीय शेतीवरचा अहवाल लिहिणाऱ्या जॉन ऑगस्टस व्होल्करलाही राबाची दखल घ्यावी लागली. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर यांच्याबरोबर राबाचा शास्त्रीय अभ्यास केला; तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

राब भाजल्याने मातीत काय होते? राखेतून पालाश, स्फुरद आणि चुना मिळतो; या भागातली माती थोडी आम्लधर्मी असल्याने राखेमुळे तिचा आंबटपणा तेवढ्यापुरता कमी होतो. पण राख नुसती पसरली आणि मातीला आच लागलीच नाही, तर तेवढा गुण येत नाही. आचेने तणाचे बी मरते, वरच्या थरातले रोगकारक जीव मरतात, आणि सेंद्रिय पदार्थात अडकलेल्या नत्राचा काही भाग रोपाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. जूनच्या धुवाधार पावसात, थंड आणि ओल्या मातीत पहिल्या वीस-पंचवीस दिवसांत जोमाने वाढणारे रोप हवे असते. राब ते देतो. त्याची किंमतही मोठी आहे. पाल्यातला बराचसा नत्र आणि गंधक धुरातून उडून जातो, आणि एका वाफ्यासाठी त्याच्या कित्येक पट क्षेत्रावरचा पाला ओरबाडला जातो. तो पाला उतारावर कुजला असता तर माळाची माती भरली असती. म्हणजे राबात वरच्या मातीचा कस खालच्या मातीकडे नेला जातो. पाणी जे सावकाश करते, ते माणूस एका उन्हाळ्यात करतो.

याला पर्याय सुचवताना कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती आठवते. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, रोपांची ठरावीक अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध मातीत खोचणे, ही ती चार सूत्रे. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. भाताच्या पानात ती साठली की पान ताठ होते, करपा आणि खोडकिडा यांना तोंड देते. गिरिपुष्प बांधावर वाढते, त्यासाठी डोंगर बोडका करावा लागत नाही. मला या पद्धतीत आवडते ते हे, की तिने राबाला वेडगळ ठरवले नाही. राबातून मिळणारे गुण ओळखले आणि ते दुसऱ्या वाटेने आणले.

आता खाचरात उतरू. दोन टेकड्यांमधली वळण घेत जाणारी, बांधांनी पायऱ्या केलेली ही जमीन म्हणजे शेकडो वर्षे डोंगरावरून आलेल्या बारीक कणांची ठेव. बेसॉल्ट कुजून तयार होणाऱ्या या चिकणमातीतली खनिजे ओली झाली की फुगतात आणि सुकली की आकसतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. दक्षिण कोकणातली जांभ्याची माती अशी वागत नाही. तिच्यातून पाणी झिरपून जाते, म्हणून तिथे आंबा-काजू आणि इथे भात. कृषी विभागानेही कोकणाचे दोन भाग याच कसोटीवर केले आहेत: रत्नागिरी-सिंधुदुर्गचा जांभ्याचा आणि उत्तरेकडचा, जांभा नसलेला.

भातासाठी शेतकरी मातीशी जे करतो ते दुसऱ्या कोणत्याही पिकासाठी केले तर पीक मरेल. चिखलणीत तो मातीची कणरचना मुद्दाम मोडतो. मोठी छिद्रे बुजतात, नांगराच्या तळाखाली घट्ट थर बसतो आणि पाणी वर उभे राहते. थोड्याच दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग तिथले जीवाणू श्वासासाठी आधी नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीज आणि त्यानंतर लोह. लोहाचे रूप बदलले की ते पाण्यात विरघळते, त्याला जखडलेला स्फुरद सुटतो आणि आम्लधर्मी मातीचा सामू आपोआप सातच्या जवळ येतो. खाचराच्या कोपऱ्यात कधी कधी तेलासारखा तांबूस-निळसर तवंग दिसतो. शेतकरी घाबरतात की कुणीतरी तेल सांडले. काडीने हलवून पाहावे. तेल पुन्हा एक होते. हा तवंग मात्र खपल्या पडल्यासारखा तुटतो, कारण तो लोहाचा असतो. मातीत प्राणवायू संपल्याची ती खूण.

या बिनहवेच्या मातीत युरिया वरून फेकला तर निम्म्याहून कमी नत्र भाताला मिळतो. काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन खाली जातो आणि तिथे जीवाणू त्याचा वायू करून टाकतात, उरलेला बांधावरून वाहून पुढच्या खाचरात जातो. युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची गोळी सात-आठ सेंटिमीटर खोल खोचली की नत्र चिकणमातीला धरून राहतो आणि हळूहळू सुटतो. दुसरी अडचण जस्ताची. पाण्याखालच्या मातीत जस्त पिकाला मिळेनासे होते, लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे ठिपके येतात आणि वाढ खुंटते. हा खैरा रोग बुरशीचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे पंतनगरला यशवंत नेने यांनी १९६६ मध्ये दाखवले. त्याआधी औषधे फवारूनही रोग का हटत नाही हे कळत नव्हते. मातीत हेक्टरी वीस-पंचवीस किलो झिंक सल्फेट टाकले की भागते.

भात कापल्यावर तीच माती शेतकऱ्याची खरी परीक्षा घेते. मोडलेली कणरचना सुकताना दगडासारखी होते. ओल फार असताना वाल पेरला तर बी कुजते. आठवडा उशीर झाला तर नांगर लागत नाही आणि भेगांनी मुळे तुटतात. मधले चार-सहा दिवस वाफशाचे. हातात घेतलेले ढेकूळ चुरल्यावर सुटे होते, बोटांना चिकटत नाही, तो क्षण ओळखणारी माणसे प्रत्येक पाड्यावर आहेत आणि त्यांच्या बोटांइतके बिनचूक यंत्र मी पाहिलेले नाही. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याखालच्या गावांत मात्र प्रश्न उलटा असतो. कालव्याचे पाणी मिळाले की उन्हाळी भात घेता येतो, पण चिकण माती वर्षभर ओली राहिली तर तिला सुकून भेगा पाडायला आणि पुन्हा हवा घ्यायला उसंतच मिळत नाही. वाणगावच्या मिरची उत्पादकांनी यावर त्यांच्यापुरती वाट काढली: गादीवाफे उंच करायचे, ठिबकने मोजून पाणी द्यायचे, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही. मिरचीचे मूळ एक दिवस पाण्यात उभे राहिले तरी मर रोगाला निमंत्रण जाते. भातासाठी जो गुण, तोच मिरचीसाठी दोष.

पश्चिमेला खाडीच्या कडेला उतार संपतो आणि भरतीचे राज्य सुरू होते. खाजणातली माती तितकीच चिकण, पण मिठाने भरलेली. बांध घालून आणि उघाड्या, म्हणजे पाण्याची दारे, बसवून समुद्र बाहेर ठेवला, तरी उन्हाळ्यात खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, वाळते आणि पांढरी खपली मागे ठेवते. म्हणून खारभूमीत शेतकरी घाई करत नाही. सुरुवातीच्या पावसाने मीठ धुऊन निघू देतो, मग मोड आणलेले बी रहू पद्धतीने फेकतो, आणि सबंध पीक पावसाच्या चार महिन्यांत उरकतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ हे क्षार सोसणारे वाण याच मातीसाठी काढले. बांधाला एक खांड पडली आणि भरतीचे पाणी आत आले, की पुढचे काही पावसाळे ते मीठ धुण्यातच जातात. बांधाची डागडुजी हे एकट्याचे काम कधीच नव्हते; १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने ती जबाबदारी शासनाच्या पदरातही टाकली.

मिठापेक्षा त्यातले सोडियम अधिक घातक. ते चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून दूर लोटते, कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी ना आत जाते ना बाहेर. कॅल्शियम याच्या नेमके उलट करते: कणांना जवळ आणते, गुठळ्या बांधते, मातीत हवा खेळू देते. खारवट जमिनीत जिप्सम टाकतात ते यासाठी. हे लक्षात घेतले तर घोलवडकडे नव्या नजरेने पाहता येते.

घोलवड, बोर्डी, नरपड, चिखले या पट्ट्यात सागराने टाकलेली वाळू, तिच्यात शिंपल्यांचा चुरा, आणि डोंगरावरून आलेली काळी माती यांची सरमिसळ आहे. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पारशी-इराणी आणि स्थानिक बागायतदारांनी इथे चिकूच्या वाड्या उभ्या केल्या, त्यात कालीपत्ती ही जात सर्वांत मानाची ठरली. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे आहे. इथल्या चिकूच्या गोडीचे श्रेय कॅल्शियमयुक्त मातीला दिले जाते. नुसत्या कॅल्शियमने साखर वाढते असे मात्र समजू नये. फळाच्या पेशींच्या भिंती कॅल्शियमने घट्ट होतात, फळ टिकते. त्याहून मोठा उपकार असा, की मिठाच्या इतक्या जवळ असूनही ही माती भुसभुशीत राहते आणि पावसाळ्यातले पाणी झरझर खाली सोडते. चिकूचे झाड थोडा खारेपणा सोसते, पण पाणी साचलेले सोसत नाही. चुना, वाळू आणि काळी माती यांचे हे प्रमाण दहा किलोमीटर आत गेल्यावर मिळत नाही, आणि मानांकन गावाच्या नावाने देण्यामागचे मातीतले कारण हेच.

कलम बांधताना खुंट म्हणून खिरणी, म्हणजे रांजणाचे रोप वापरतात, त्यातही मातीचा विचार आहे. रांजण हे याच किनाऱ्याचे रानझाड. उथळ, दगडाळ, थोड्या खारट जागेत तग धरणारे. वर चिकू आणि खाली रांजण, म्हणजे पाहुण्या झाडाला इथल्या मातीची ओळख असलेली मुळे मिळतात.

या वाड्यांवरचे संकट खालून येते आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याचा अर्थ असाही होतो, की पंपाने पातळी एक मीटरने उतरवली तर खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. विहीर खारी झाली आणि तेच पाणी झाडाला देत राहिलो, तर वर सांगितलेला सोडियमचा खेळ वाडीतच सुरू होतो. पावसाळ्यात विहिरीजवळ पाणी जिरवणे आणि उन्हाळ्यात उपसा बेताचा ठेवणे, याखेरीज यावर खात्रीचा उपाय नाही. जिप्समने माती सुधारते, विहीर सुधारत नाही.

पुन्हा डोंगराकडे वळायला हवे, कारण येत्या काळात जमिनीच्या व्यवस्थापनाचे सगळ्यांत मोठे काम तिथेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनींवर आदिवासी कुटुंबांना हक्क मिळू लागले. यांतले बहुतेक तुकडे उतारावरचे, मुरमाड. कागद हातात आला ही फार मोठी गोष्ट. आता त्या कागदावरची माती जागेवर राहिली पाहिजे. एका हेक्टरवरून एक सेंटिमीटर माती वाहून गेली तर सुमारे एकशे तीस टन माती जाते, आणि माळावर मुळात वीस-पंचवीस सेंटिमीटरच असते.

यासाठी लागणारे ज्ञान याच मातीत उभे राहिले आहे. कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषी संस्थेत जयंतराव पाटील यांनी आयुष्य घातले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जिथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभारल्या, तीच ही टेकडी. गवताच्या माळावर धान्याचा हट्ट धरण्यापेक्षा झाडे लावावीत, हा जयंतरावांचा आग्रह. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघाले, त्यानंतर अगदी सुरुवातीला निघालेल्यांत कोसबाडचे आहे. सीमेपलीकडे गुजरातेत वांसद्याला मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने १९८२ पासून आदिवासी शेतकऱ्यांच्या एकेक एकरात आंबा-काजूची वाडी, कडेने जंगली झाडांचे कुंपण आणि मधल्या जागेत धान्य, ही रचना रुजवली. पुढे ती जव्हार भागातही आली. झाडाच्या बाजूने मातीचे कारण साधे आहे: नागलीचे मूळ पंचवीस सेंटिमीटरांतले पाणी संपवून थांबते, काजूचे मूळ मुरमाच्या फटीत शिरून खालची ओल शोधते.

झाडाआधी चर. वरच्या तिसऱ्या भागात सलग समतल चर, मधल्या भागात झाडे आणि गवताचे बांध, पायथ्याशी मजगी घालून भाताची खाचरे, हा क्रम मोडता येत नाही. खाली मजगी घातली आणि वरचे पाणी मोकाट सोडले, तर पहिल्याच आषाढात बांध फुटतात. रोजगार हमीतून ही कामे होतात, पण मजूर जिथे जवळ मिळतो तिथून कामाची सुरुवात होते आणि ती जागा बहुधा पायथ्याची असते. हा क्रम उलटा आहे, तो बदलला पाहिजे.

माती राखण्याच्या उलट दिशेनेही बरेच काही चालले आहे. द्रुतगती महामार्ग, रेल्वेच्या नव्या मार्गिका आणि वाढवण बंदरासारखी कामे यांना दगड-मुरूम लागतो, आणि तो टेकड्यांतूनच येतो. कागदावर मुरूम गौण खनिज आहे. पण माळावरच्या पावसाचे पाणी जिरून राहते ते मुरमाच्याच थरात, आणि तेच पायथ्याच्या झऱ्याला आणि विहिरीला पौषापर्यंत पुरते. टेकडी खरवडली की नुकसान खालच्या खाचरवाल्याचे होते. त्याला मात्र कोणी विचारत नाही. खाचराची चिकणमाती वीटभट्टीला विकली जाते तेव्हाही असेच होते. वरचा अर्धा फूट देऊन त्या वर्षी पैसे मिळतात आणि खाली उरतो तो चिखलणीने घट्ट केलेला, सेंद्रिय कर्ब जवळपास नसलेला थर. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांसाठी कमाल पाचशे एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले आणि डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला गंधक शोषणारी यंत्रणा बसवावी लागली. या साऱ्यामुळे चिकूच्या वाड्या वाचल्या असे मी मानतो. तलासरी तालुका असा नाजूक ठरवलेला नाही, आणि टेकड्या मात्र दोन्ही तालुक्यांत सारख्याच नाजूक आहेत.

शेवटी मातीच्या नमुन्याबद्दल, कारण कोणताही सल्ला तिथूनच सुरू होतो. २०१५ पासूनच्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत नमुने चौकटी आखून घेतले गेले: बागायतीत अडीच हेक्टरांना एक, कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक. सपाट विदर्भात हे खपून जाईल. डहाणू-तलासरीत दहा हेक्टरांत माथा, उतार, पायथा आणि खाचर असे सगळे येते आणि सरासरी काढली की ती यांपैकी कोणत्याच मातीची नसते. म्हणून आपला नमुना आपण घ्यावा. मे महिन्यात, राब भाजण्याआधी आणि खत टाकण्याआधी, माळ, पायथा आणि खाचर यांचे नमुने निरनिराळे. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा, कडेची पातळ चकती, सगळे एकत्र कालवून अर्धा किलो, सावलीत वाळवलेले. झाडाखालून, बांधावरून, शेणाच्या ढिगाजवळून घेऊ नये. चिकूच्या वाडीत मात्र वरच्या मातीवर थांबून चालत नाही. झाडाच्या पसाऱ्याच्या कडेखाली मीटरभर खड्डा घ्यावा आणि तीस, साठ, नव्वद सेंटिमीटरवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी, त्यासोबत विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही द्यावी. साठ सेंटिमीटरला क्षार वाढलेले दिसले, तर पाने करपायला अजून अवकाश असतो, आणि तेवढ्या वेळात उपसा कमी करणे, पावसाचे पाणी वाडीत वळवणे आणि जिप्सम देणे ही तिन्ही कामे करता येतात.